पुरवणीतले खितान

इतिहासाचं पुस्तक हातात आलं की आधी अनुक्रमणिका बघावी. कुणाला कुठं बसवलंय ते तिथंच कळतं.

ओउयांग श्यू (1007-1072) म्हंजे चीनच्या सोंग राजवटीतला मोठा गद्यकार. त्याच्या 'पाच राजवंशांचा नवा इतिहास' या ग्रंथात उत्तरेकडचे खितान येतात ते अगदी शेवटी, चार दिशांच्या रानटी लोकांच्या पुरवणीत. 920 साली ज्यांनी स्वतःची लिपी केली ते पुरवणीत! आणि व्यवहार काय होता? 1005 च्या तहानं सोंग दरबार दरसाल 1 लाख ल्यांग चांदी आणि 2 लाख तागे रेशीम खितानांना पोचवत होता. (साच्यावर उभं राहिलेल्याला 2 लाख तागे म्हंजे काय ते सांगावं लागत नाही.) पत्रांत दोन्ही बादशहा एकमेकांना भाऊ म्हणत. 1042 मध्ये आकडे 2 लाख आणि 3 लाख झाले, तेव्हा भांडण पेटलं ते शब्दावरून: माल 'अर्पण' करतो म्हणायचं की 'भरतो' म्हणायचं.

लेखक म्हणून ओउयांग जबर आहे. 947 मध्ये खितान बादशहा येलू दगुआंग चीनमधून परतताना मेला. पोट फाडून, आतडी काढून, मीठ भरून त्याचा देह उत्तरेला नेला. चिनी लोक त्याला बादशहाची चानी म्हणाले, असं ओउयांग नोंदवतो. वाक्य चारदोन शब्दांचंच, पण त्यात माणूस उरत नाही, मांस उरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एवढ्या लांब प्रेत न्यायचं तर मीठ भरावंच लागणार, हे कुणाला सुचायच्या आत हसू येऊन जातं.

हाच ओउयांग 1055 साली सोंगांचा वकील होऊन खितानांकडं गेला होता. त्याचं नाव मोठं म्हणून शिरस्ता मोडून त्याला मेजवानी दिली गेली.

पुढं ल्यू ह्वे नावाच्या खितान दरबारातल्या अधिकाऱ्यानं बादशहाकडं तक्रार केली: आम्हाला रानट्यांत घातलं, आता सोंग घराण्याच्या उगमाची हकीगत आपण आपल्या इतिहासाला जोडू. बादशहा खूष झाला. मला हे उत्तर तोकडं वाटतं. पुरवणीला पुरवणी जोडली, मोजपट्टी ओउयांगचीच राहिली.

खितान राज्य 1125 मध्ये बुडालं. मंगोल अमदानीत तोक्तोअच्या देखरेखीखाली 1344 साली त्यांचा वेगळा इतिहास, 'ल्याओ शी', पुरा झाला. या खेपेला सोंगांच्या बरोबरीचा राजवंश म्हणून. वर्षभरसुद्धा न घेता उरकलेलं काम, आणि तेही चिनी भाषेत. 1922 साली राजकबरींतून खितान लिपीतले कोरीव लेख निघाले. तिथं ते स्वतःच्या भाषेत बोलतात. ती लिपी अजून पुरती लागलेली नाही.