बिंदूत हरवलेला जोड

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात पोलादी नळ्यांच्या कैच्यांवर उभ्या असलेल्या शेड पुष्कळ दिसतात. पाठ्यपुस्तकात मात्र कैचीचा जोड म्हणजे केवळ एक बिंदू. त्यामुळे बलांचे गणित सोपे होते. पण जोड निकामी कसा होतो, हा प्रश्नच पुसला जातो. आमचा आक्षेप यावर आहे.

रुंद चौकोनी नळीच्या मधोमध अरुंद नळी वेल्ड केली, तर वेल्ड शाबूत राहूनही रुंद नळीची भिंत आत दबू शकते. म्हणून नळी आणि वेल्ड वेगवेगळे तपासून भागत नाही. अख्खा जोड ताणून-दाबून पाहावा लागतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता मंच उलटून १२३ जण दगावले. एका नळीवर उपकरणाचा आधार बसवणाऱ्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपाशी तड्याची सुरुवात झाली होती.

पुस्तकाने बिंदू ठेवावा. शेजारी जोडाचे खरे चित्रही द्यावे. तोवर शिक्षकांनी पुठ्ठ्याचे बंद खोके घ्यावे. झाकणाच्या मधोमध पेन्सिलीचा बोथट शेंडा दाबावा, मग झाकणाएवढी रुंद फळी ठेवून तेवढ्याच जोराने दाबावे. दुसऱ्या खेपेस भार कडेच्या भिंती घेतात, हे मुलांना आपसूक दिसेल.