एका ठिपक्यातला देश

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यात, पूर्वेकडे सुमारे शंभर किलोमीटरांवरच्या माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. या दोहोंची सरासरी काढणे मुळीच कठीण नाही. परंतु तेवढा पाऊस ना इथे पडतो, ना तिथे. त्या आकड्यावर विसंबून माणच्या शेतकऱ्याने पेरणी करावी, असे कोणी म्हणणार नाही. माणसांच्या मनाची सरासरी काढताना मात्र एवढे साधे भान सुटते.

१९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य-पाहणीच्या आधारे रोनाल्ड इंगलहार्ट आणि क्रिस्टियन वेल्झेल यांनी जो प्रसिद्ध नकाशा सिद्ध केला, त्याचे परीक्षण याच दृष्टीने करावयास हवे. त्यात डोंगर-नद्या नाहीत. एक रेषा परंपरा व धर्मनिष्ठा यांच्याकडून ऐहिक बुद्धिवादाकडे जाते, तर दुसरी पोटापाण्याच्या विवंचनेकडून व्यक्तिस्वातंत्र्याकडे. लोकांच्या उत्तरांवरून प्रत्येक देशाला त्यांत जागा मिळते. जीविताची शाश्वती वाढली की माणसाच्या अपेक्षा पालटतात, हे या अभ्यासकांनी मोठ्या चिकाटीने दाखविले. त्याचे मोल कमी नव्हे. पण भारत त्यात एक ठिपका आहे!

इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचे प्रदेशवार विभाग पाडले. मामाची मुलगी सून म्हणून आणणे आपल्याकडे अनेक घरांत कौतुकाचे. उत्तरेकडच्या बहुतेक घरांत मात्र ते निषिद्धच. योग्य-अयोग्याची कल्पना जिथे इतकी पालटते, तिथे एक ठिपका कोणाच्या घरावर ठेवायचा?

अलीकडच्या संख्याशास्त्राने यावर तोड काढली आहे. माणूस गावात, गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात अशी पायऱ्यांची मांडणी करून प्रत्येक पायरीवर किती फरक पडतो, ते मोजावयाचे. फिशर आणि श्वार्ट्झ यांनी २०११ साली दाखविले की, मूल्यांतील फरकांचा थोडाच भाग देशादेशांतला असतो. उरलेला बहुतेक एकाच देशातल्या माणसामाणसांतला. म्हणजे शेजारच्या घरातही परदेश असू शकतो!

मात्र या रीतीलाही एक मर्यादा आहे. एखाद्या तालुक्यातून दहाच उत्तरे आली, तर गणित त्यांच्यावर पुरता भरवसा न ठेवता त्यांना एकंदर सरासरीकडे ओढते. हे शहाणपणाचेच आहे. पण त्यात माणचा आवाज साताऱ्याच्या आवाजात बुडतो. उपाय एकच: लहान जागीही पुरेशी माणसे निवडून विचारणे. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी नमुना-पाहणीच्या शास्त्रावर १९५४ सालीच मोठा ग्रंथ लिहिला. शेतातले निवडक तुकडे कापून पिकाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीत त्यांचा वाटा मोठा.

पण कणसाला प्रश्न कळावा लागत नाही, माणसाला लागतो. ‘बहुतेक लोकांवर विश्वास टाकता येतो का?’ असे ही पाहणी विचारते. खेड्यातला म्हातारा उलट विचारील, ‘कुठल्या लोकांवर? गावच्या की परगावच्या?’ मुलांना कोणते गुण शिकवावेत, या प्रश्नात काटकसरही आहे. दुष्काळी गावाने ती निवडली, तर तिला मूल्य म्हणावे की निरुपाय? पाणी आल्यावर उत्तर पालटले, तर माणसे बदलली असे म्हणायचे का? आणि गिरण्यांच्या काळात मुंबईच्या चाळीत राहून दरमहा माणला मनिऑर्डर धाडणारा कामगार कोणत्या तालुक्यात मोजायचा?

नकाशे काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. अमुक प्रदेशातले लोक ‘परंपरेला चिकटलेले’ असे नुसत्या समजुतीवर ठरविण्यापेक्षा मोजणे केव्हाही बरे. मात्र मोजणाऱ्याने ठिपक्यासोबत त्याच्या आतला पसाराही छापावा, आणि वाचणाऱ्याने आधी तो पाहावा. तेवढे पथ्य पाळले नाही, तर प्रदेशाविषयीचे अनुमान माणसावरचा शिक्का होऊन बसते. आणि गणिताच्या नावाने मारलेला शिक्का पुसणे फार कठीण.