शेणाचे घर, मेणाचे घर : काऊ-चिऊच्या कथेचे प्राथमिक वर्गातील अध्यापन

मराठी घरात मूल बोलू लागले की बहुधा पहिली गोष्ट त्याच्या कानावर पडते ती काऊ-चिऊची. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येतो. ही कथा इतकी परिचित आहे, की तिच्याकडे साहित्यकृती म्हणून पाहण्याची गरज समीक्षेला क्वचितच वाटली. शाळेत मात्र ती ‘घेतली’ जाते, तिच्यावर प्रश्न विचारले जातात आणि तिचे तात्पर्य फळ्यावर लिहिले जाते. पहिली-दुसरीच्या वर्गात या कथेचे जे तात्पर्य सांगितले जाते, ते कथेत मुळातच नाही आणि पाटण तालुक्यासारख्या भागात ते केवळ अनावश्यक नव्हे तर अन्यायकारकही ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका वर्गाचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात मागे बसून हा पाठ ऐकण्याची संधी मला मिळाली. बाईंनी गोष्ट उत्तम सांगितली. आवाज बदलून, हातवारे करून त्यांनी ती रंगविली आणि मुले हसली. मग प्रश्न आला : ‘‘कावळ्याचं घर का वाहून गेलं?’’ दुसऱ्या रांगेतील एका मुलीने लगेच सांगितले, ‘‘लई पाऊस झाला म्हणून.’’ बाईंनी मान हलविली आणि दुसऱ्या मुलाकडे पाहिले. अपेक्षित उत्तर अखेर मिळाले : कावळा आळशी होता म्हणून. ते फळ्यावर गेले आणि सर्वांनी वहीत उतरविले. त्या मुलीनेही उतरविले.

वस्तुतः त्या मुलीचे उत्तर कथेला धरून होते. वर्गात उत्तर देणाऱ्यांपैकी कथा नीट ऐकलेली बहुधा तीच एकटी होती.

कथेचे मराठीतील वय

ही कथा अलीकडची नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ती श्रीचक्रधरस्वामींच्या तोंडून आली आहे. शेण आणि मेण यांची जोडी तेव्हापासूनची आहे. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभकाळीच ही गोष्ट लोकांच्या बोलण्यात रुळलेली असली पाहिजे. ग्रंथाने ती निर्माण केली नाही, फक्त टिपून ठेवली.

कथेला तात्पर्य जोडण्याची रीतही महानुभावांना अपरिचित नव्हती. केशोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त प्रत्येक दृष्टांताची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिपेडी आहे. हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत तेथे असाच येतो. तथापि हे दार्ष्टांतिक म्हणजे कथेचा कायमचा अर्थ नव्हे. विशिष्ट सूत्र समजाविण्यासाठी एका गुरूने प्रौढ श्रोत्यांपुढे कथेचा केलेला तो विनियोग आहे. सूत्र बदलले तर त्याच दृष्टांताचा विनियोग बदलू शकेल. कथा मोकळीच राहते.

शालेय तात्पर्याचे कूळ मात्र निराळे आहे. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीचे काम करणाऱ्या सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गोष्टीच्या शेवटी एका वाक्यात नीतिबोध सांगण्याची पद्धत मराठी शिक्षणात रुजली. इसापच्या कथांना ती शोभते, कारण त्या कथा बोधाच्याच दिशेने घडविलेल्या असतात; कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणतो तेथे कथा आणि तिचा बोध एकाच वेळी संपतात. काऊ-चिऊची कथा या घडणीची नाही. तिला इसापची शेपटी लावली, की ती ओढूनताणून लावल्यासारखी दिसते.

कथेत कावळा आळशी असल्याचा उल्लेख कोठेही येत नाही. तो खेळत बसला आणि चिमणी राबली, असा प्रसंग परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या कथेत नाही. शेणाचे घर एक आणि मेणाचे एक, एवढेच आहे. हा भेद कर्तृत्वाचा नसून केवळ वस्तूंचा आहे, आणि त्यातही शेण-मेण या यमकाचा आहे. निसर्गाकडे पाहिले तर तो आणखी विरतो. कावळा काटक्यांचे घरटे झाडावर बांधतो, चिमणी आपल्याच घराच्या वळचणीला किंवा भिंतीच्या भोकात काडी-कापूस आणते. खेड्यातील मुलाला हे ठाऊक असते आणि त्याची अडचणही होत नाही, कारण गोष्टीतील कावळा हा गोष्टीतलाच कावळा आहे हे मुलाला उपजत कळते. अडचण होते ती मोठ्यांची.

दारातील संवाद

मग कथेचा गाभा कशात आहे? माझ्या मते तो घरांत नाही, दारात आहे. कावळा पुन्हापुन्हा दार उघडायला सांगतो आणि चिमणी पुन्हापुन्हा थांबायला सांगते : बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, तीट लावायची आहे, भरवायचे आहे, निजवायचे आहे. सांगणाऱ्या बाईच्या सवडीप्रमाणे ही यादी लांबते किंवा आखडते. कथेचा निम्म्याहून अधिक वेळ येथेच जातो आणि मुलाला पाठ होतो तोही हाच भाग.

ही यादी म्हणजे ऐकणाऱ्या मुलाचाच दिनक्रम आहे. आजीच्या मांडीवर बसलेले मूल या कथेत कावळाही नाही आणि चिमणीही नाही. ते आतले बाळ आहे. बाहेर धो धो पाऊस आहे, कोणीतरी दार वाजवीत आहे आणि आत सर्व कामे सोडून आपले न्हाणेखाणे चालले आहे. हे सुख त्या दिरंगाईत साठविलेले आहे. चिमणीच्या दिरंगाईत क्रौर्य नाही आणि कावळ्याला धडा शिकविण्याचा हेतूही नाही. श्रोत्या बाळाला दिलेली ती ग्वाही आहे. पुनरावृत्तीचे प्रयोजनही हेच आहे : पुढचे वाक्य आपल्याला ठाऊक आहे आणि ते तसेच येणार, या खात्रीत मुलाला सुरक्षितता मिळते.

शेवटाविषयी परंपरेत एकवाक्यता नाही, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. माझ्या ऐकण्यात आलेल्या एका पाठात चिमणी दार उघडते आणि कावळा चुलीपाशी ऊब घेतो. दुसऱ्यात तो घरातले खाऊन पसार होतो. तिसऱ्यात त्याला तव्याचा चटका बसतो. ज्या कथेचे तीन शेवट तीन दिशांना जातात, तिचे एकच तात्पर्य कसे असेल?

तुलनेसाठी तीन डुकरांच्या पिलांची इंग्रजी कथा घेता येईल. जोसेफ जेकब्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे ती सर्वपरिचित झाली. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात तिची तुलना इसापच्या मुंगी-नाकतोड्याच्या कथेशी केली आहे. बोधकथा सर्व काही सांगून टाकते आणि श्रोत्याच्या कल्पनेला काही ठेवत नाही. परीकथा मात्र निर्णय त्याच्यावर सोडते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. ते मान्य करूनही एक फरक नोंदवावासा वाटतो. पिलांच्या कथेत संकट लांडग्याचे आहे आणि दाराबाहेर तोच उभा असतो, त्यामुळे दार बंद ठेवणे सरळच योग्य ठरते. मुलांसाठी सौम्य केलेल्या आवृत्तींत तर घर पडलेल्या पिलांना भावाच्या विटांच्या घरात तत्काळ आसरा मिळतो. मराठी कथेत संकट पावसाचे आहे आणि दाराशी उभा आहे तो शेजारी. ही रचना अधिक अवघड आहे. दार उघडावे की नाही, केव्हा उघडावे, हा प्रश्न येथे खराखुरा आहे. ‘कावळा आळशी’ हे उत्तर त्या प्रश्नाची सोडवणूक करीत नाही, तो उद्भवूच देत नाही. आळशालाच पावसाने झोडपले असेल, तर दाराशी खोळंबलेल्याविषयी वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.

पाटण खोऱ्यातील वर्ग

घरी एका मुलाला सांगितलेली गोष्ट आणि वर्गात तीस मुलांना सांगितलेली गोष्ट एक राहत नाही. वर्गात मांडी नसते. आतले बाळ होण्याची जागा गेली की मुलाला कावळा आणि चिमणी यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते, आणि फळ्यावरील तात्पर्य कोणती बाजू घ्यावी हे ठरवून देते. ज्याचे घर टिकले तो शहाणा, ज्याचे गेले तो दोषी.

हे वाक्य पाटणला म्हणून पाहावे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात या तालुक्यातील गावे गेली आणि माणसे घरेदारे सोडून दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर परिसरातील दगडामातीची घरे कोसळली. भिंत जाड असणे त्या रात्री उपयोगी पडले नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी आल्या आणि घरे माणसांसह गाडली गेली. या खोऱ्यातील पहिली-दुसरीच्या वर्गात पावसाने घर नेणे ही कल्पित गोष्ट नाही. ज्या मुलाच्या कुटुंबाने ते पाहिले आहे, त्याच्या वहीत ‘आळशी होता म्हणून’ हे उत्तर आपण लिहवून घेतो. ‘‘लई पाऊस झाला म्हणून’’ म्हणणाऱ्या त्या मुलीच्या घराविषयी मी काही विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. तिचे उत्तर बरोबर येण्यासाठी तिच्यावर आपत्ती आलेली असणे आवश्यक नाही.

शेणाचाही विचार करावयास हवा. कुडाच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन येथील कित्येकांच्या घरात कालपरवापर्यंत होती, काही ठिकाणी आजही आहे. सणाला अंगण सारवले की घर प्रसन्न दिसते. त्या घरातून आलेल्या मुलाला शाळा पहिल्याच वर्षी सांगते, की शेणाचे घर हे हलके घर. यमकापोटी आलेला शब्द तात्पर्याच्या हाती पडला की तो सामाजिक शेरा होतो.

यावर एक आक्षेप संभवतो. शिक्षकाला मूल्यमापन करावयाचे असते, आणि एकच उत्तर नसलेला प्रश्न तपासायचा कसा? आक्षेप व्यवहार्य आहे. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट, संवाद आणि खेळ यांनाच अध्यापनाचे माध्यम मानले आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी भावनगरला गिजुभाई बधेका कथेचे पहिले प्रयोजन आनंद हे सांगत होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जे शिक्षण उभे केले, त्याचा पायाही मुलाचा परिसर आणि त्याची बोली हाच होता. परंपरा आपल्याजवळ आहे. फळ्यावरचे तात्पर्य तेवढे सुटत नाही. प्रस्तुत लेखकानेही आपल्या मुलीला ही गोष्ट सांगताना ‘म्हणून आळस करू नये’ असे जोडलेले आहे, तेव्हा दोष एकट्या शाळेचा नाही.

मुलांना कष्टाचे महत्त्व सांगू नये, असे येथे सुचवायचे नाही. त्यासाठी ससा-कासव आहे, मुंगी आहे. काऊ-चिऊच्या पाठात मुलांनी घरून ऐकलेले शेवट सांगावेत, आपापले घर कशाचे आहे ते सांगावे आणि दारातील संवाद दोन गटांनी करावा, गट आलटून पालटून. दुसरीच्या त्याच बाईंना मी हे नंतर बोलून दाखविले. त्यांनी ते मनावर घेतले आणि पुढच्या आठवड्यात मला पुन्हा बोलाविले. कावळ्यांचा गट व्हरांड्यात गेला, बाहेर खरोखरच पाऊस होता. त्यांनी दार वाजविले आणि चिमण्यांच्या गटाने एका हाकेतच ते उघडून टाकले. तेव्हा तक्रार केली ती कावळ्यांनीच : इतक्या लवकर उघडायचे नाही, बाळाची आंघोळ राहिली. ते पुन्हा बाहेर गेले, दार ओढून घेतले आणि पहिल्यापासून वाजवू लागले.