सीमाभागाचे वाङ्मय आणि ‘गुरुचरित्र’

सीमाभागातील वाङ्मयाचे मूल्यमापन करू लागताच आमच्या वाङ्मयेतिहासांची मोजमापे अपुरी पडतात. एक भाषा, एक प्रांत आणि एक परंपरा असे गृहीत धरून ते लिहिलेले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा एकट्या बिदर जिल्ह्याचेच तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात गेले. माणसे होती तेथेच राहिली. तेव्हापासून या मुलखातील वाङ्मय कोणाचे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो प्रश्नच चुकीचा आहे, असे आमचे मत असून ‘गुरुचरित्रा’च्या आधारे ते आम्ही मांडू इच्छितो.

महाराष्ट्रात घरोघर ज्याचे सप्ताह होतात, त्या या ग्रंथाचे हृदय कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापुरात, भीमा-अमरजेच्या संगमावर आहे. चरित्रनायक नरसिंह सरस्वती हे वऱ्हाडातील कारंज्याचे. ग्रंथकार सरस्वती गंगाधर मात्र आपणांस महाराष्ट्र भाषा येत नाही, अशी कबुली देतो. ही कबुली केवळ विनयाची नव्हे. गुरूची स्तुती करताना त्याने ग्रंथात चक्क कानडी पदे घातली आहेत आणि तीही सायंदेवाच्या प्रसंगात. सायंदेव हा कडगंचीचा गुरुभक्त व ग्रंथकाराचा पूर्वज. कथा सांगावयाची ती मराठीत, शास्त्राधार द्यावयाचा तो संस्कृतात. पण घरचा माणूस गुरूसमोर गहिवरून उभा राहिला की त्याच्या मुखी घरची भाषा यावी, हे आम्हांस अत्यंत स्वाभाविक वाटते. ती पदे काढून टाकली तर कथेचा एकही दुवा निखळणार नाही. भक्ताचा आवाज मात्र हरवेल. संमिश्र वाङ्मयाची खरी कसोटी हीच होय: दुसरी भाषा शोभेसाठी आली आहे, की तिच्यावाचून भाव उणा राहिला असता?

तथापि या समन्वयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फोडाने पीडलेला बिदरचा यवन राजा गाणगापुरास येऊन बरा होतो, ही कथा उदार खरी. परंतु पूर्वजन्मी तो गुरुसेवक रजक होता, असे सांगूनच ग्रंथ त्याला जवळ करतो. आचारधर्माच्या चौकटीबाहेर सरस्वती गंगाधर जात नाही. पुढे याच मुलखात हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचली व ‘सकलमत’ संप्रदाय स्थापिला. तेथे मुसलमान भक्ताला पूर्वजन्माचा दाखला द्यावा लागला नाही. एकाच भूमीतील हे दोन समन्वय एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

सीमेवरच्या माणसाचे हे दुखणे केवळ आमचे नव्हे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तेथील स्पॅनिशभाषी लोक आपल्याच घरी परके ठरले. त्यांच्या वंशजांची व्यथा टेक्ससच्या लेखिका ग्लोरिया अन्झाल्दुआ यांनी १९८७ साली ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रॉन्तेरा’ या ग्रंथात इंग्रजी व स्पॅनिश यांच्या मिश्रणातून मांडली. त्या मिश्रणात अभिमान आहे, तसा झगडाही आहे. कारण शाळेत स्पॅनिश बोलणे हा तेथे अपराध मानला गेला होता. सरस्वती गंगाधराला असा झगडा करावा लागला नाही. दोन भाषा बाळगल्याबद्दल क्षमा मागावी, असे त्याच्या काळात कोणी त्यास शिकविले नव्हते.

ते शिकविले आम्ही शिक्षकांनी. मुलाच्या निबंधात कानडी किंवा दखनी शब्द दिसला की आम्ही वर्षानुवर्षे त्याखाली तांबडी रेघ ओढीत आलो. प्रमाण मराठी शिकविणे हे आमचे कर्तव्यच आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. परंतु ती रेघ ओढण्यापूर्वी त्या शब्दावाचून वाक्यातील भाव उणा राहतो काय, एवढे तरी पाहिले पाहिजे. आपल्या घरच्या बोलीची लाज वाटणाऱ्या मुलाच्या हाती ‘गुरुचरित्रा’तील ती कानडी पदे द्यावीत व त्यांचा अर्थ त्यालाच विचारावा. पुष्कळदा तो त्याला आमच्यापेक्षा अधिक कळेल.