कच्चे मडके : एका संतकथेची पारख

गोरोबा कुंभारांच्या घरी जमलेल्या संतमेळ्याची कथा मराठी मुलास पाटीपेन्सिलीच्या वयातच भेटते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणे घेतात आणि एकेका संताच्या डोक्यावर मारून मडके भाजलेले की कच्चे हे पारखतात. इतर निमूट राहतात. नामदेव तेवढे कुरकुरतात, म्हणून कच्चे ठरतात. महिपतींच्या 'भक्तविजया'ने (१७६२) गोरोबा घरोघर पोहोचविले. १९४८ साली 'चक्रधारी' या तमिळ चित्रपटाने ते येथील प्रेक्षकांपुढेही आणले.

परंतु चेन्नईनजीक मुट्टुकाडूच्या 'दक्षिणचित्र' संग्रहालयात चाकाशी बसणाऱ्यास, किंवा मानामदुरैचा घटम् कसा घडतो हे समजून घेणाऱ्यास, या कथेतील दोन विसंगती जाणवल्यावाचून राहत नाहीत. पहिली हत्याराची. थापटणे हे पारखण्याचे नव्हे, घडविण्याचे साधन होय. चाकावरून उतरलेले मडके किंचित सुकले, की आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन ते बाहेरून थापटतात. त्याने भिंत पातळ आणि घट्ट होते. भाजलेल्या मडक्यास बोटाची टिचकी पुरते. दुसरी विसंगती अधिक मूलगामी आहे. टिचकीसरशी पक्के मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. कुंभाराच्या न्यायाने, ज्याचा आवाज उमटला तोच पक्का!

म्हणून कथा टाकून द्यावी, असे नव्हे. दृष्टांतकाराने कच्च्या-पक्क्याचे अंग घेतले आणि नादाचे सोडले; तेवढी मुभा दृष्टांतास असते. परंतु त्या मुभेची किंमतही मोजावी लागते. मार खाऊन गप्प राहणे हीच पक्वता, असा बोध या कथेतून मुलांच्या मनावर सहज ठसतो. आणि ज्यांना येथे तोंड उघडल्याबद्दल कच्चे ठरविले, त्याच नामदेवांची एकसष्ट पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. मराठी मुलखाबाहेर इतक्या दूरवर पोहोचलेला आवाज कच्च्या मडक्याचा कसा म्हणावा?

कथेचा उत्तरार्ध मात्र कुंभारकामाशी अधिक इमान राखतो. नामदेव विसोबा खेचरांकडे जातात आणि तेथे त्यांना गुरुबोध लाभतो. थापटण्याचे खरे काम हेच. गोरोबांनी नामदेवांस पारखले असे म्हणण्यापेक्षा थापटले असे म्हणावे. मग तो आघात अपमान उरत नाही, आणि नामदेवांची कुरकूरही दोष ठरत नाही. मुलांना ही कथा सांगताना एवढा शब्द बदलला, तरी तिची गोडी कमी न होता तिचे माप सुधारेल.