जागे होणे आणि जागे राहणे

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. आपल्या घरांतून मात्र ते फारसे वाचले गेले नसावे. लाल बावट्याच्या कार्यकर्तीने लिहिलेले पुस्तक, एवढ्यावरच ते बाजूला ठेवण्याची सवय आपल्याला जडली आहे. ही सवय आता मोडावयास हवी. कारण ज्या डहाणू-तलासरीची ही कथा आहे, त्याच भागातील माणसांपुढे आज वाढवण बंदराच्या रूपाने जुनाच प्रश्न उभा राहिला आहे : आपल्या गावाचे काय व्हावे, हे कोणी ठरवावयाचे?

पुस्तकाचा विषय १९४५ पासूनचा वारल्यांचा लढा. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे पैसे उचलावयाचे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबावयाचे, ही 'लग्नगड्या'ची चाल या भागात रूढ होती. जमीनदाराच्या शेतावरची वेठ आणखी निराळी. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास भरलेल्या किसान परिषदेला इकडचे काही वारली गेले. २३ मे रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. पुढे पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले.

हा इतिहास अन्यत्रही वाचावयास मिळेल. या पुस्तकाचे मोल वेगळ्या गोष्टीत आहे. माणसाच्या मनातील भीती कशी जाते, याचे असे प्रत्ययकारी चित्र मराठी आत्मपर लेखनात विरळाच आढळते. शहरातून आलेली, कायद्याची पदवी घेतलेली ही स्त्री पाड्यापाड्यांतून पायी हिंडते, झोपडीत मुक्काम करते आणि प्रथम लोकांचा विश्वास मिळवते. संघटना म्हणजे सभा आणि मोर्चा, अशी आपली समजूत असते. येथे दिसते ते असे, की मोर्चा ही फार नंतरची गोष्ट आहे. आधी एकेका घराने 'नाही' म्हणावयास शिकावे लागते, आणि शेजारचे घरही तसेच म्हणेल असा भरवसा त्याला वाटावा लागतो.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निवेदन सर्वस्वी लेखिकेचे आहे. वारली स्त्रीपुरुष आपल्याला तिच्याच नजरेतून दिसतात. पक्षनिष्ठा निवेदनाला कोठे कोठे जड करते. आणि आजच्या वाचकाला सर्वांत जाणवणारी उणीव म्हणजे, प्रतिपक्ष बदलला तर काय करावयाचे, याचे उत्तर येथे मिळत नाही. झरीच्या वारल्याला आपला जमीनदार नावानिशी ठाऊक होता. वाढवणच्या मच्छीमाराला कंपनी, मंत्रालय, प्राधिकरण आणि न्यायालय यांच्या कागदपत्रांशी झुंजावे लागते.

त्या झुंजीचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. 'पी अँड ओ' या परदेशी कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव या प्राधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये अमान्य केला. प्रश्न कायमचा मिटला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली. या वेळी प्रवर्तक सरकारी आहेत : जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे. ज्या पाण्यात जाळी पडतात, तेच हे पाणी.

येथे परुळेकरांचे पुस्तक पुन्हा उपयोगी पडते. प्राधिकरणाचा निर्णय कागदावर असतो आणि कागद बदलू शकतो. झरीची शपथ माणसांनी घेतली होती. ती टिकली ती गावागावांत संघटना राहिली म्हणून. न्यायालयीन लढाई आवश्यकच आहे. पण तिच्या भरवशावर घरोघरचे काम थांबले, तर पंचवीस वर्षांनी पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. बंदरामुळे रोजगार येईल, असे सरकार सांगते. गरीब तालुक्यात या आश्वासनाची थट्टा करणे योग्य नव्हे. परंतु बोट विकून रखवालदाराची नोकरी धरावी की काय, हे त्या बोटीच्या धन्यालाच ठरवू द्यावयास हवे.

आपल्या समाजाला हे सर्व अगदीच परके नाही. हरित वसईच्या लढ्यात आपली कितीतरी कुटुंबे रस्त्यावर उतरली होती. १९७८ च्या सुमारास डहाणूत उभ्या राहिलेल्या कष्टकरी संघटनेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांतही येशूसंघातून आलेली माणसे होती. म्हणून वसईपासून तलासरीपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांतील वाचकांना सांगावेसे वाटते : हे पुस्तक मिळवा आणि घरातील मुलांसह वाचा. त्यातील राजकारण न पटल्यास खुशाल बाजूला ठेवा. पण घाबरलेल्या शेजाऱ्याच्या दारी पहिल्यांदा कसे जावे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आणि ते शिकणारी माणसे आज वाढवणच्या किनाऱ्यावर हवी आहेत.