गिरणगावातून पाहिलेला ‘नरकातला रविवार’



आयुष्यभर कांट आणि हेगेल शिकवलेला माणूस सायकलच्या शर्यतीवर बोलणार म्हटल्यावर काही जण नुसत्या कुतूहलाने आले असतील. त्यांचंही स्वागत. आज मला एका चित्रपटाबद्दल बोलायचंय. यॉर्गन लेथ या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘अ संडे इन हेल’. ११ एप्रिल १९७६ रोजी झालेल्या पॅरिस–रूबे शर्यतीवरचा हा माहितीपट. एका दिवसाची शर्यत, अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त, आणि त्यातले कित्येक पट्टे शेतांमधल्या ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जाणारे. सायकलप्रेमी मंडळी याला आपल्या खेळावरचा सर्वोत्तम चित्रपट मानतात. मीही मानतो. पण माझी त्याच्याशी एक तक्रार आहे, आणि ती मला माझ्या थोरल्या भावाने शिकवली.

दादा लालबागचा. गिरणीत साचेखात्यात होता. शर्यतीत स्वतः कधी उतरला नाही, पण वेड जबर. मुंबई–पुणे सायकल शर्यत असली की आदल्या रात्रीच आम्ही दोघं निघायचो, कर्जतला गाडी बदलून खोपोली, आणि पहाटे बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी जागा धरायची. शिंग्रोबा म्हणजे ज्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि त्याबद्दल जीव गमावला, अशी आख्यायिका आहे तो. आजही गाडीवाले जाता जाता तिथे नाणं टाकतात. घाट सगळ्यांत आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. फ्रान्समध्येही डोंगर जिंकणाऱ्याला राजाच म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

तर रात्रभर प्रवास, तीन-चार तास ताटकळणं, आणि दिसायचं काय? पहिला सायकलवाला समोरून गेला की संपलं. वीस सेकंद. मग घोळका, मग मागे पडलेले. निकाल पुण्यात लागायचा, तो आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचा. क्रिकेटचा शौकीन खेळ बघतो. सायकल शर्यतीचा शौकीन रस्ता बघतो, आणि त्या रस्त्यावर मांड्यांचं काय होत असेल ते स्वतःच्या अंगावरून ओळखतो. दादा रोज सायकलने पाळीला जायचा. पावसात ट्रामच्या रुळात चाक अडकून दोनदा आपटला होता. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली तेव्हा अख्खी मुंबई हळहळली, हा एकटा खूश होता.

आता रूबेकडे येऊ. रूबे म्हणजे काय, तर गिरणगाव. उत्तर फ्रान्समधलं कापडाचं शहर. १८९६ मध्ये ही शर्यत सुरू केली ती तिथल्याच दोन गिरणीमालकांनी, तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ यांनी. सायकलींसाठी धावपट्टी बांधली होती, तिची जाहिरात व्हायला हवी होती. ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडलं १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर मार्ग पाहायला गेलेल्यांना तो उद्ध्वस्त मुलूख दिसला तेव्हा. म्हणजे नरक हे नाव मुळात तोफांनी केलेल्या नासाडीला होतं. सायकलवाल्यांच्या हालांना ते नंतर चिकटलं.

याच भागात आरेनबेर्गचं जंगल आहे. तिथला सरळसोट, भयंकर दगडी रस्ता १९६८ मध्ये शर्यतीत आला. तो सुचवला जाँ स्ताब्लिन्स्कीने. हा पोलिश स्थलांतरितांचा मुलगा, १९६२ चा जगज्जेता, आणि त्याआधी त्याच जंगलाखालच्या खाणीत राबलेला. ज्या जमिनीच्या पोटात काम केलं तिच्याच पाठीवरून शर्यत न्यायची, ही वाट त्याने दाखवली. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे त्यांचा शिंग्रोबा. फक्त याला मारला नाही.’’

रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने ‘मिथॉलॉजीज’ या १९५७ च्या पुस्तकात तूर द फ्रान्सला महाकाव्य म्हटलंय. सायकलवाले म्हणजे वीर, डोंगर म्हणजे जणू दैवी शक्ती. लेख देखणा आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या हाताला वंगण लागलेलं नाही. लेथचा कॅमेरा सुरुवातीलाच मिस्त्रीच्या हाताकडे जातो. सायकल पुसणारे, मालिश करणारे, गाडीतून ओरडणारे व्यवस्थापक, हे सगळे त्याला दिसतात. मर्क्स, मोझेर, द व्लामिंक हे तारे आहेतच, पण त्यांच्या भोवती एक अख्खं खातं चालू आहे, हे दिसत राहतं. शर्यत म्हणजे आधी काम, मग काव्य, हे लेथला कळलंय. म्हणून हा चित्रपट मोठा.

आणि म्हणूनच माझी तक्रार. शर्यत मध्येच अडवली जाते. ‘ल पारिझिएँ लिबेरे’ या वृत्तपत्राचे संपकरी छापखाना कामगार रस्त्यावर उतरतात. ज्या उद्योगसमूहाचं ते वृत्तपत्र, त्याच्याच ‘लेकिप’ या क्रीडादैनिकाचा शर्यतीच्या आयोजनात हात. म्हणजे आंदोलकांनी जागा अगदी बरोबर निवडली होती. सायकलवाले थांबतात, गलका होतो, थोड्या वेळाने शर्यत पुन्हा सुरू होते. कॅमेरा शर्यतीबरोबर पुढे जातो. संपकरी मागे राहतात ते कायमचे.

हा चित्रपट मी दादाला काही वर्षांपूर्वी दाखवला. त्या प्रसंगाला मी, खरं सांगतो, वैतागलो होतो. शर्यत रंगात आली असताना हे कुठे मध्ये! दादाने मला चित्रपट थांबवायला लावलं. ‘‘यांचं पुढे काय झालं?’’ मला माहीत नव्हतं. शोधून काढलं. संप १९७५ ते १९७७, दोन वर्षांहून जास्त चालला, पण अखेर तडजोड झाली. दादा म्हणाला, ‘‘त्यांचा मिटला ना? मग बरं.’’ १८ जानेवारी १९८२ ला आपल्याकडे सुरू झालेला संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, हे इथे परळमध्ये बसलेल्यांना सांगायची गरज नाही. अडीच लाख माणसं होती. दादा त्यातला एक.

बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ होता. खेळाची त्याची व्याख्या थोडक्यात अशी: अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारून पार करणं. मी ही व्याख्या वर्गात कौतुकाने शिकवायचो. पण पगारी सायकलपटूला ती लावून बघा. चांगला डांबरी रस्ता असताना दगडांवरून जायचं हे त्याने नाही ठरवलं, आयोजकांनी ठरवलं. त्यातही संघातले बहुतेक जण जिंकायला आलेलेच नसतात. नायकासमोरचा वारा अडवायचा, बाटल्या आणून द्यायच्या, त्याचं चाक बिघडलं तर आपलं द्यायचं. गिरणीच्या भाषेत पाणक्या. अडथळा अनावश्यक असेल, पण पोटासाठी त्याला तो आवश्यकच आहे.

१९७६ ला फ्रेडी मार्टेन्स हा फ्लांद्रिया संघाचा नायक पडला आणि शर्यतीबाहेर गेला. त्याच्यासाठी राबणारा मार्क डेमायर मोकळा झाला. रूबेच्या धावपट्टीवर चौघे एकत्र शिरले. द व्लामिंक तोवर तीनदा जिंकलेला, चौथ्याच्या तयारीत. जिंकला डेमायर. बदली कामगार दिवसपाळीत मुकादम व्हावा तसं! त्या शेवटच्या फेरीला दादा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. वय वर्षे सत्तर. डेमायर हृदयविकाराने गेला तेव्हा अवघा एकतीस वर्षांचा होता. महिना जानेवारी १९८२. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, पण दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

शेवटी सगळे न्हाणीघरात जातात. सिमेंटच्या बुटक्या भिंतींचे आडोसे, वरून पाणी, चेहऱ्यांवर धुळीचे थर. कुणी बोलतंय, कुणी नुसतं उभं आहे. दादाला सगळ्यांत जास्त आवडला तो हाच भाग. पाळी सुटल्यावर नळावर असंच असायचं, म्हणाला. एवढंच की तिथे कॅमेरा नसायचा, आणि साबण एकात चौघं वापरायचे.

दर एप्रिलमध्ये आम्ही अजून ही शर्यत बघतो, आता मोबाइलवर, संध्याकाळी. दगडांचा पट्टा आला की दादा आवाज बंद करायला सांगतो. समालोचक फार बोलतात, अशी त्याची तक्रार आहे.